आपला माणूस

‘आपला माणूस आहे, बघा जमले तर.’ नोकरीसाठी केलेल्या शिफारशीत याहून लहान आणि याहून प्रभावी वाक्य मराठीत नसावे. त्यात उमेदवाराचे शिक्षण नाही, अनुभव नाही, स्वभावाविषयी अवाक्षर नाही. तरीही ऐकणाऱ्याला सारे कळते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईचा कारखाना असो, धुळ्यातील एखादी पतपेढी असो, भुसावळच्या ठेकेदाराची कचेरी असो वा धर्मग्रामाच्या आवारातील शाळा असो, या वाक्याला सर्वत्र सारखाच मान आहे. आणि गंमत अशी की, ते उच्चारणाऱ्याला आपल्या हातून कोणावर अन्याय होत आहे असे स्वप्नातही वाटत नाही. तो उपकार करीत असतो. भेदभावावर लिहिणारे बहुतेक जण द्वेषाविषयी लिहितात. मला येथे या मायेविषयी लिहायचे आहे. कारण कामाच्या ठिकाणी जो भेदभाव चालतो त्याला द्वेषाने जेवढे पोसले आहे त्याहून अधिक या मायेने पोसले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानदेशात परक्या माणसाची ओळख आडनावापाशी थांबत नाही. ‘पाटील’ असे उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘कोणते पाटील?’ कारण मराठा पाटील आहेत, लेवा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, आणि एकाच आडनावाखाली वेगवेगळ्या सोयरिकी नांदत आहेत. आडनावाने समाधान झाले नाही तर गाव विचारतात, गावाने झाले नाही तर आजोळ. एस.टी.त शेजारी बसलेल्या वृद्धाने ही चौकशी केली तर ती आपुलकी असते; तिच्यातून कित्येकदा दूरचे नाते निघते, दोन घरची सुखदुःखे निघतात. परंतु तोच प्रश्न मुलाखतीच्या खोलीत टेबलाच्या पलीकडून आला की त्याची चाळणी होते, आणि तिची भोके किती मोठी ठेवायची हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. कधी कधी स्वतःच्याही नकळत.

ही खेड्यापाड्यांची रीत आहे असे मानून मोठ्या शहरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी मोठ्या खाजगी कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी ठामपणे सांगत होते. आणि मुलाखतीत उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतो, कारण चांगल्या घरातले माणूस चांगले निघते, असेही तेच सांगत होते. दोन्ही विधाने एकाच तोंडातून बाहेर पडत होती आणि त्यांत काही विसंगती आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानी येत नव्हते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी याहून साधा प्रयोग केला. वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुसलमान. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश. अर्ज वाचणाऱ्याने उमेदवाराला पाहिलेही नव्हते. त्याने फक्त नाव वाचले होते.

आपल्या भागात या रोगाची नोंद फार जुनी आहे, आणि ती करणारा रोगी साधासुधा नव्हता. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याकडे आले होते. एका सामाजिक बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी आटोपून मुंबईला परतताना चाळीसगावच्या महार मंडळींच्या आग्रहाखातर ते तेथे उतरले. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता. तासभर खोळंबा झाला. कारण नंतर कळले: अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, परंतु टांगेवाला हाकणार नाही. हाकणारा माणूस तुमचा तुम्ही आणा. पाहुण्याला पायी नेणे कमीपणाचे वाटले म्हणून मंडळींनी आपल्यातलाच एक जण लगाम धरायला बसवला. टांगा हाकणे हा त्याचा धंदा नव्हता. वाटेत नदीवरील मोरीच्या दगडांत चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, आणि पायाचे हाड मोडून त्यांना बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एक टांगेवाला स्वतःला एका बॅरिस्टरहून श्रेष्ठ समजू शकतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला हाड मोडल्यापेक्षा अधिक लागलेली दिसते.

या प्रसंगाकडे अस्पृश्यतेची एक करुण कथा म्हणून आपण पाहतो आणि हळहळून पुढे जातो. माझी विनंती आहे की, तो धंद्यातील प्रसंग म्हणून पुन्हा वाचावा. टांगेवाल्याचे पोट भाड्यावर होते. समोर पैसे देणारे गिऱ्हाईक उभे होते. त्याने पैसे नाकारले. बाजारपेठ आपोआप भेदभाव पुसून टाकील, कारण शहाणा मालक नफ्याकडे पाहतो, जातीकडे नाही, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्री मंडळींनी चाळीसगावच्या स्टेशनावर एक फेरी मारावी. शिवाय त्या तडजोडीत काय होते हेही पाहावे. टांगा दिला, लगाम दिला, शिकवले मात्र कोणी नव्हते. ज्या समाजाला टांग्याच्या धंद्यात कधी शिरू दिले नाही त्याच्यातील एका माणसाच्या हाती ऐन वेळी लगाम देण्यात आला, आणि चाक अडकले. आज कोणत्याही कचेरीत जा. ‘एक जण घेतला होता हो त्यांच्यातला, पण जमले नाही त्याला,’ हे वाक्य तुम्हांला ऐकू येईल. त्याला काम कोणी समजावून दिले, चुकल्यावर सांभाळून कोणी घेतले, दुपारच्या डब्याला शेजारी कोण बसले, हे विचारून पाहा. उत्तर येत नाही. गुणवत्ता ही काही जन्मतः खिशात घालून आणलेली वस्तू नव्हे. ती बरीचशी संधीतून, सरावातून आणि एखाद्या अनुभवी माणसाने खांद्यावर ठेवलेल्या हातातून घडते. आणि तो हात कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पुन्हा त्या तीन शब्दांनीच ठरते.

येथवर वाचून आपल्यापैकी कित्येकांना वाटेल, हे सवर्ण हिंदू समाजाचे दुखणे आहे. आपण ख्रिस्ती, आपण तर सोसणाऱ्यांत मोडतो. तेव्हा आता मनमाडला जाऊ या. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी तेथे सांगितले, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याच भाषणात रेल्वेतील नोकऱ्यांचा जो बारीक हिशेब त्यांनी मांडला तो फारसा कोणी वाचत नाही. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि दलिताला घरात घेणे त्याला चालत नाही. कारखान्यात तो हमाल म्हणून शिरतो. वरच्या कारागिरीच्या जागेपर्यंत त्याला कोणी पोहोचू देत नाही. आणि कारकुनाच्या जागेचे काय? तिला परीक्षा नव्हती. मॅट्रिक न झालेल्यांनाही ती मिळत असे. मिळत होती ती कोणाला, याची जी यादी बाबासाहेबांनी दिली तीत सवर्ण हिंदू आहेत, अँग्लो-इंडियन आहेत, आणि हिंदी ख्रिस्तीही आहेत. मॅट्रिक झालेल्या दलित तरुणांना मात्र तीच जागा नाकारली जात होती.

वाचकहो, हे वाक्य गिळायला जड आहे, पण गिळले पाहिजे. भुसावळ, मनमाड, इगतपुरी या रेल्वेगावांतील आपली जुनी धर्मग्रामे कशाच्या आधारावर उभी राहिली? रेल्वेच्या पगारावर. त्यात श्रम होते, प्रामाणिकपणा होता, इंजिनाच्या भट्टीपुढे भाजलेली आयुष्ये होती. ते मी नाकारीत नाही. परंतु दरवाजा उघडताना ‘हा आपल्यातला’ म्हणणारा कोणीतरी आत बसलेला होता, हेही तितकेच खरे. पुढे स्वतंत्र भारताच्या संविधानाने ३३६व्या अनुच्छेदात रेल्वे, जकात, टपाल आणि तार या खात्यांतील अँग्लो-इंडियनांच्या जुन्या राखीव जागा एकदम न काढता दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करीत दहा वर्षांत संपविण्याची तजवीज केली. या अनुच्छेदाविषयी कोणी कुरकुर केल्याचे आपल्या मंडळींत माझ्या ऐकिवात नाही. मात्र आज आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याच दिवाणखान्यांतून ‘जन्मावरून जागा देणे हे काही बरोबर नाही’ असा सूर ऐकू येतो.

दुसरीकडे, सोसणाऱ्यांत आपण मोडतो हेही खोटे नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती गमावतो. गावाने त्याची जात मात्र लक्षात ठेवलेली असते. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आवाज उठविलाच पाहिजे. २०२२ साली केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोगही नेमला. परंतु आयोगापुढे गाऱ्हाणे मांडताना आपले हात स्वच्छ असावेत. भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे जे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते याची कबुली आहे. एखाद्या दलित धर्मगुरूला कार्डिनलपद मिळायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तो मान हैदराबादच्या आर्चबिशप अँथनी पूला यांना मिळाला. दोन हजार वर्षांचा वारसा सांगणाऱ्या संस्थेने या तारखेकडे थोडा वेळ टक लावून पाहावे.

आता जळगावची एक मुलगी. डॉ. पायल तडवी. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतून तडवी भिल्लांची वस्ती आहे. धर्माने मुसलमान आणि मुळात आदिवासी, म्हणजे आपल्या समाजाच्या हिशेबात दोनदा परके. त्या समाजातील ही २६ वर्षांची डॉक्टर मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. निवासी डॉक्टर हा विद्यार्थी असतो आणि राबणारा कर्मचारीही असतो. २२ मे २०१९ रोजी तिने आपले जीवन संपविले. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून तिचा छळ केला असा आरोप झाला, त्यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. त्यांनी आरोप नाकारले आहेत, आणि दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. त्यात मी शिरणार नाही. मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या दिवसांविषयी. मुलीला त्रास होत आहे हे आपण वरिष्ठांच्या कानावर घातले होते, असे तिच्या आईने सांगितले. एक आई जळगावहून मुंबईला जाते, मोठ्या रुग्णालयाच्या जिन्यावर उभी राहते आणि कोणाला भेटावे याची चौकशी करते, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. अशा वेळी त्या इमारतीत एक तरी माणूस असा हवा की, ज्याचे ऐकून घेणे हे कामच आहे आणि ऐकून घेतले नाही तर ज्याला जाब द्यावा लागतो. त्याच वर्षी आबेदा तडवी यांनी हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिची मागणी एवढीच की, उच्च शिक्षणाच्या संस्थांत जातीभेद रोखण्याचे नियम कागदावरून खाली उतरावेत.

येथे नेतृत्वाचा प्रश्न येतो, आणि तो सद्भावनेच्या प्रश्नाहून वेगळा आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड उदार होते याबद्दल दुमत नाही. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे तेच. परंतु १९१७ साली आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. महाराज पुरोगामी होते, बडोदे नव्हते. हुकूम वरून सुटला आणि खालच्या पायऱ्यांवर विरून गेला. याउलट कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी काय केले? २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे शाळेतले मूलही सांगेल. पण हुकूम काढून ते घरी बसले नाहीत. संस्थानच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे याला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला स्वतःचे चहाचे दुकान काढायला लावले, आणि मग स्वतःची गाडी त्याच्या दुकानापुढे उभी करून तेथला चहा ते पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. राजा पितो आहे म्हटल्यावर कारभारी नाही कसे म्हणणार? वरच्याने आपल्या अंगावर घेतलेली गोष्ट खालच्याला टाळता येत नाही. ‘सर्वसमावेशकता’ असा भारदस्त शब्द तेव्हा कोणी ऐकला नव्हता, आणि शब्दाविना काम अडले नाही.

आज शब्द भरपूर आहेत. मोठ्या कंपन्यांनी आपापली धोरणे छापली आहेत, आणि त्यांतल्या एका मोठ्या कंपनीचा जन्म आपल्या अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तूप बनविण्यासाठी झाला होता, याचा खानदेशाला सार्थ अभिमान आहे. आता लहान उद्योगांतही वर्षातून एकदा एखादा व्याख्याता बोलावून पूर्वग्रहावर दुपारचे शिबिर भरवायची पद्धत रुजू लागली आहे. चहा, बिस्किटे, पडद्यावरची चित्रे, शेवटी प्रमाणपत्र. अशा शिबिरांचा उपयोग किती? फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह यांनी अमेरिकेतील आठशेहून अधिक कंपन्यांचा सुमारे तीन दशकांचा तपशील तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडला की, सक्तीच्या शिबिरांनी वरच्या जागांवरील वंचित गटांचे प्रमाण वाढत नाही. काही ठिकाणी ते घटलेलेही आढळले. माणसाला ‘तू पूर्वग्रहदूषित आहेस’ असे सांगून बसविले की तो हट्टाला पेटतो. फरक पडला तो दुसऱ्याच उपायांनी: नवख्या माणसाला वाट दाखविण्याची जबाबदारी एखाद्या अनुभवी अधिकाऱ्यावर नावानिशी टाकली, वेगळ्या वस्तीत आणि वेगळ्या महाविद्यालयात जाऊन मुद्दाम उमेदवार शोधले, आणि हिशेब कोण देणार हे ठरविले. म्हणजे शाहू महाराजांचाच चहा, अमेरिकन कपात.

एक गोष्ट मात्र मला नेहमी बोचते. आपल्या राज्यात बापाची नोकरी मुलाला हमखास मिळण्याची सोय कोणत्या कामाला आहे? झाडूच्या. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नेमता येते. ही सोय कामगारांच्या घरांना आधार देते. ती काढून घ्या असे मी म्हणणार नाही, ती काढली तर ती घरे उघड्यावर येतील. पण त्या वारसांपैकी जे पदवीधर असतील त्यांच्यासाठी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरील खुर्चीचा रस्ता तितकाच सरळ का नसावा? जन्माने मिळणारा झाडू आपल्याला चालतो. जन्माचा अडसर दूर करून मिळणारी खुर्ची म्हटली की लगेच गुणवत्तेची आठवण होते.

आता आपल्या संस्थांकडे वळतो. संविधानाच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काचा बचाव आपण न्यायालयापर्यंत जाऊन करतो, आणि करावा. ‘बाहेर आपल्याला कोण विचारतो? मग आपल्या शाळेत, आपल्या दवाखान्यात आपल्या माणसांना का घेऊ नये?’ असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. प्रश्न गैर नाही. पण ‘आपले’ या शब्दाची वर्तुळे मोजून पाहावीत. खानदेशातील आपली मंडळी मूठभर, आणि तीही किती वाटांनी आलेली: रेल्वेबरोबर आलेली गोव्याची आणि वसईची घरे, नगर-मराठवाड्याकडून आलेली दलित ख्रिस्ती कुटुंबे, सातपुड्यातील आदिवासी श्रद्धावंत, केरळातून आलेल्या धर्मभगिनी. रविवारी मिस्साबलीला सारे एका बाकावर असतात. सोमवारी शाळा उघडते तेव्हा वर्गात कोण उभे असते, कार्यालयात कोण बसते, आणि घंटा कोण वाजविते? शिपाई आदिवासी आणि मुख्याध्यापक कायम दुसऱ्या कुठल्या तरी प्रांताचा, असा नमुना आपल्या शाळेत दिसत असेल तर त्याचे स्पष्टीकरण ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ एवढ्यावर सोडून भागणार नाही. बालवाडीपासून आपल्याच शाळेत शिकलेला मुलगा पंचवीस वर्षांनी अपात्र कसा राहिला, याचे उत्तर शाळेनेच द्यायचे आहे.

प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण असंख्य प्रवचने ऐकली आहेत. बहुतेक प्रवचने मजुरीच्या दीनारावर संपतात: शेवटी आलेल्यालाही पूर्ण रोज कसा मिळाला. मला त्याआधीचे एक वाक्य महत्त्वाचे वाटते. दिवस मावळायला तासभर उरला असता मालक पुन्हा चौकात जातो आणि अजून उभे असलेल्यांना विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. ते आळशी नव्हते, सकाळपासून उभे होते. दर खेपेला निवडणाऱ्याची नजर त्यांच्यावरून पुढे सरकली होती. मजूर जेथे उभे राहतात अशा शहरातल्या कोणत्याही चौकात सकाळी अकरानंतर जाऊन पाहावे, मागे कोण उरते. वयस्क, बायका, एखादा पांगळा. या मालकाचे वेगळेपण दीनारात तर आहेच, पण तो स्वतः पाच वेळा चौकात गेला यातही आहे. मुकादमाकडून यादी मागवून तो मळ्यात बसून राहिला नाही.

पांगळ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१च्या श्रमविषयक परिपत्रकात अपंग व्यक्तींच्या कामावर एक स्वतंत्र भाग आहे. केवळ धडधाकटांनाच कामात घेणारा समाज स्वतःलाच कमीपणा आणतो, असा त्याचा आशय. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही खाजगी आस्थापनांना समान संधीचे धोरण जाहीर करण्यास सांगितले आहे. आपल्या किती संस्थांनी ते जाहीर केले? बहुतेक ठिकाणी पायऱ्याच इतक्या उंच असतात की, प्रश्न विचारायला येणारा दारापर्यंत पोहोचत नाही.

आणि स्त्रिया. कापूस वेचणे, मिरचीची देठे खुडणे ही खानदेशात बायकांची कामे. वजन करणे, हिशेब लिहिणे, पैसे वाटणे ही पुरुषांची. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पुढे तो २०१९च्या वेतन संहितेत सामावला गेला. परंतु कामच वेगळे म्हटले की कायद्याला वळसा घालता येतो. २०२० साली जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिलांच्या जागेसाठी ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तो अधिकाऱ्याने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य धरायला लावला, आणि गावाने त्यांना निवडून दिले. अधिकाऱ्याला जे चौकटीत बसत नव्हते ते गावकऱ्यांना मतपेटीत बसले! सामान्य माणसे भेदभाव सोडायला तयार नसतात, असे वरून सांगणाऱ्यांनी भादलीचा हा निकाल ध्यानात ठेवावा. अडथळा पुष्कळदा टेबलापाशी असतो.

तेव्हा टेबलापाशी बसणाऱ्यांकडे माझे मागणे आहे, आणि ते अगदी कोरडे, व्यवहारी आहे. येत्या जूनपूर्वी आपल्या शाळांत, दवाखान्यांत ज्या जागा निघतील त्यांची सूचना आधी प्रसिद्ध व्हावी. चर्चच्या दारावर तर लावावीच, पण आदिवासी वसतिगृहात, तडवी वस्तीत आणि समाजकल्याण कार्यालयातही लावावी. मुलाखत घेणाऱ्यांत एक जण संस्थेबाहेरचा असावा. अर्जांची पहिली चाळणी नाव आणि गाव झाकून करावी. त्याला खर्च एका चिकटपट्टीचा. शिफारशीची चिठ्ठी आली तर ती फाइलला लावावी, म्हणजे कोणी कोणाला ‘आपला’ म्हटले याची नोंद राहील. मला खात्री आहे, निम्म्या चिठ्ठ्या एवढ्याने थांबतील.

आणि ज्यांच्याकडे संस्था नाही, त्यांच्याकडे घर आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कामाला बाई येते. तिच्यासाठी आपण मालक आहोत, आपले स्वयंपाकघर ही तिची कामाची जागा आहे. तिचा कप वेगळ्या फळीवर असेल तर चाळीसगावचा टांगा अजून आपल्याच दाराशी उभा आहे. तिला दुसऱ्या कोणाच्या घरी काही भलतेच सोसावे लागले तर कोठे जावे, हे तिला कोण सांगणार? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या ठिकाणांसाठी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठीही प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद केली आहे. जळगावला आणि धुळ्याला त्या समितीवर कोण आहे, तक्रार कोणत्या खोलीत द्यायची, हे जिल्हाधिकारी कचेरीत विचारून पुढच्या रविवारी चर्चच्या सूचनाफलकावर ठळक मराठीत लावायला कोणाची हरकत आहे?